हायदूच्या हातातली काठी

बुडापेस्ट, ४ मे १९६६

ती. अंब्रूशमामा यांस, पिरोश्काचा सा. न. वि. वि.

मामा, आपल्या गावच्या चौकातला हायदूचा पुतळा मला करायला मिळाला! माझं पहिलं मोठं काम. आई आनंदाने रडली, आणि लगेच तिने विचारलं की पुतळ्याच्या अंगावर कपडे असतील ना.

अडचण एकच आहे. नगरपरिषदेचे अध्यक्ष वाश्वारी म्हणतात, हायदू म्हणजे लढवय्या, तलवार हवीच. त्यांच्याकडच्या पुस्तकात तर लिहिलंय की हा शब्द तुर्कांचा आणि अर्थ लुटारू. ऑगस्टमध्ये मातीचा नमुना समितीला दाखवायचा आहे. नापसंत झाला तर काम दुसऱ्याकडे जाईल. चेहरा आणि मिश्या तुमच्याच घ्यायच्या म्हणते. शाळेच्या नाटकातली तलवार हातात धरून एक फोटो पाठवाल का?

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची पिरोश्का

कुरणावरून, १९ मे

चि. पिरोश्का हिस, अ. उ. आ.

तलवार मी धरणार नाही. धारेचं हत्यार म्हणून आयुष्यभर मी खारवलेली चरबी कापायची सुरीच धरली. तुझी समिती उंटावरून शेळ्या हाकणारी, तिला हाकणं म्हणजे काय ते कसं कळावं!

आपल्या भाषेत गुरं हाकणाऱ्याला हायतो म्हणतात. त्याचाच हायदू झाला, असं माझे आजोबा सांगायचे. ही माणसं लांब शिंगांचे बैल हाकत पायी थेट व्हिएन्नाच्या बाजारापर्यंत जायची. वाटेत दरोडेखोर, तुर्क, उपाशी शिपाई, सगळ्यांचा डोळा बैलांवर. म्हणून काठीबरोबर कुऱ्हाड आली, मग बंदूक. दोन महिने तीनशे बैल सांभाळणारा माणूस सैन्यात कुणाला नको असेल? तुर्क लुटारू म्हणाले असतील, पण बैल मिळाले नाहीत की माणूस असंच बोलतो.

वाश्वारीला सांग, त्याचा आजा डुकरं हाकायचा. तेही हाकणंच, जरा वासाचं.

माझी काठी धरून काढलेला फोटो पाठवतोय. फोटोवाल्याने दहा वेळा बजावलं की हलायचं नाही, म्हणून नीट उभा राहिलो. मिश्या विंचरल्या आहेत. आणखी एक, पुढच्या वर्षापासून सहकारी संस्था गुरं ट्रकमधून आणणार आहे. म्हणजे यंदा ऑक्टोबरात, गुरं हिवाळ्यासाठी परततात त्या देमेतेरच्या सणाला मी त्यांना कुरणावरून गावात चालवत आणीन, ते शेवटचं. याबद्दल जास्त लिहवत नाही.

जेवत जा.
तुझा मामा अंब्रूश

बुडापेस्ट, २० ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

नमुना पास झाल्याची तार मिळालीच असेल, आता हकीकत ऐका. तुमच्या फोटोबरहुकूम काठीवाला माणूस पाहून सगळे तलवार कुठे म्हणून विचारू लागले. मी तुमचं पत्रच वाचून दाखवलं, डुकरांसकट. वाश्वारी लालबुंद झाले. मग त्यांनी मातीची ती काठी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले की त्यांचे आजोबा काठी जरा खाली धरायचे. एका मताच्या फरकाने सुटले मी.

अनावरण देमेतेरच्या दिवशीच ठेवायला लावलंय. मात्र अध्यक्षांची अट आहे, भाषण संपल्यावरच गुरं चौकात आणायची.

मला यायला जमणार नाही. पुतळा गाडीत चढवताना पाय मोडला. सध्या प्लास्टरमध्ये मीच पुतळा झाले आहे. माझ्या वाटचं तुम्ही बघा आणि काहीही न लपवता कळवा.

तुमची लंगडी भाची

गावाहून, २७ ऑक्टोबर

चि. पिरोश्का हिस, अ. उ. आ.

भाषण संपायची वाट पाहायची होती, पण वाश्वारीचं भाषण आणि बैलाची भूक यांत बैल आधी सुटला. म्होरक्या बैल बातोर चर्चच्या कोपऱ्यावरून वळला आणि जागीच थबकला. मागची चारशे गुरं थांबली. मी धावत पुढे आलो आणि तुझा पुतळा पाहून कपाळाला हात लावला. अगं, फोटोवाला हलू नका म्हणाला, म्हणून मी काठी आडवी धरली होती. गुरांना थांब म्हणायची आमची तीच खूण! तू ती जशीच्या तशी ब्राँझमध्ये ओतलीस.

वाश्वारी तेव्हा हायदू कोण होते तेच सांगत होता. त्याने समोरची शिंगं पाहिली, कागदाची घडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हाकणारे होते, आणि त्याचे आजोबाही हाकणारेच. लोकांनी टोप्या काढल्या.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. एक शीळ घातली की गुरं हलणार होती. मी ती घातली नाही. बातोरच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. पोरी, मला गुरं जायला नको होती. कुणीही घाई केली नाही, वाश्वारीनेसुद्धा नाही.

शेवटी शीळ घातलीच. आज घरी बसून आहे, करमत नाही. पाय बरा झाला की ये, बटाटे आणि चरबी घालून स्लांबुत्स करीन, कढईत बत्तीस वेळा उलटून, एकही कमी नाही.

पुढच्या देमेतेरला मात्र मी सकाळपासून चौकात बसणार आहे. आपला माणूस काठी आडवी धरून उभाच आहे. ट्रकवाला थांबतो की नाही, ते बघायचंय.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.
तुझा मामा अंब्रूश