डाव्या हाताची भिंत

शुक्रवार, ता. २६ सप्टेंबर

चि. ठोंब्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पन्नाशी ओलांडलेल्या चित्रकलेच्या शिक्षकाला ठोंब्या म्हणू नये, हे मला कळतं. पण शाळेत सगळे तुला सर म्हणतात, घरी तुझी बायकोही सर म्हणते, तेव्हा कोणीतरी तुला जमिनीवर ठेवायला हवं. फोनवरही हे बोलता आलं असतं. पण फोन लागला की आई शेजारी येऊन बसते आणि आपलं सगळं बोलणं तिच्या गुडघ्यावर येऊन संपतं. म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यात अकरा, बारा, तेरा अशी जोडसुट्टी आली आहे. म्हणजे सगळं शहर तीन दिवस मोकळं आणि सभागृह सांभाळणारी मी तीन दिवस जुंपलेली. शनिवारी मुलांचं समूहगान आणि हस्तकलेचे गाळे, रविवारी बँकेतल्या लोकांचं नाटक, सोमवारी बागेत वाद्यवृंद, आणि तिन्ही दिवस सभागृहाच्या मोठ्या दालनात चित्रप्रदर्शन. नाटकवाल्यांना तालमीला ज्या वेळी रंगमंच हवा, नेमका त्याच वेळी तो गाण्याच्या बाईंनाही हवा, आणि मी दोघांनाही हो म्हणून बसले आहे. तीनशे खुर्च्यांपैकी एकोणीस मोडक्या आहेत. त्या कुठल्या, हे फक्त मला आणि शिपाईमामांना माहीत. अडतीस वर्षं या लष्कराच्या भाकऱ्या भाजते आहे. फेब्रुवारीत निवृत्त होईन तेव्हा पहिले आठ दिवस नुसती झोपणार आहे, हे आईला आत्ताच सांगून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. हसू नकोस. यंदा प्रदर्शनात माझी नऊ चित्रं आहेत. पेन्सिलीची. गेली सहा वर्षं कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या कडेला उभी राहून काढते आहे, उरलेल्या कार्यक्रमपत्रिकांच्या मागच्या बाजूला. कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. एकोणिसाव्या वर्षी मला चित्रशाळेत प्रवेश मिळाला होता, ते तुला आठवतही नसेल. बाबा आजारी पडले आणि मी इथे कामाला लागले. तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. पुढे तू तिथे शिकलास, छान झालं, माझी काही तक्रार नाही.

मला एवढंच हवंय की तू ये, चित्रं बघ आणि खरं सांग. इथले लोक तोंडदेखलं छान म्हणतील, त्यांना उद्या माझ्याकडून हॉलची तारीख हवी असते. तू तसा नाहीस. निवृत्तीनंतर हे पुढे न्यायचं की पेन्सिल ठेवून द्यायची, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वेळेवर जेव. पत्र पोचल्याचं कळव आणि बहिणीला विसरत जाऊ नकोस.

तुझी ताई

&nbsp;

गुरुवार, ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हसलो नाही. दोनदा वाचलं, मग वह्या तपासायला बसलो आणि एका मुलाच्या झाडाला चुकून दहापैकी दहा देऊन टाकले.

सहा वर्षं काढते आहेस आणि आम्हाला पत्ता नाही! आईपासून एखादी गोष्ट सहा दिवस लपवणं कठीण, तू सहा वर्षं लपवलीस. यासाठीच तुला पदक द्यायला हवं.

रविवारी नक्की येतो. शनिवारी शाळेच्या स्पर्धेचं झेंगट आहे. सकाळच्या बसने निघालो की अकरापर्यंत पोचेन. चित्रं कुठे लावली आहेस ते कळव, म्हणजे तुझ्या मागे मागे हिंडायला नको. त्या दिवशी तू कोणाच्या हाती लागणार नाहीस, हे मला माहीत आहे.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्यालाही. या धाकट्यावर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा ठोंब्या

&nbsp;

बुधवार, ता. ८ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

घाईत चार ओळी. भिंतींच्या वाटणीने नाकी नऊ आणले. चित्रकार एकवीस आणि प्रत्येकाला खिडकीसमोरचीच जागा हवी. रंगीत काचा करणाऱ्या बाई दोनदा रडल्या. देखावे काढणारे निवृत्त डॉक्टर रडले नाहीत, पण त्यांनी अध्यक्षांना फोन केला. शेवटी सगळ्यांना जागा देऊन उरली ती भिंत मी घेतली. दालनात शिरल्याबरोबर डाव्या हाताला. जागा वाईट नाही, येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

पाय सुजलेत. संध्याकाळी जिना चढताना मध्येच बसावंसं वाटतं. पण तू येणार म्हणून बरं वाटतंय. डबा आणू नकोस, इथे सगळं मिळतं. सांभाळून ये.

तुझी ताई

&nbsp;

मंगळवार, ता. १४ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रविवारी आलो होतो. बाहेरच इतकी गर्दी, की एवढं मोठं काम तू एकटी ओढतेस याचं पुन्हा नवल वाटलं. तू पायऱ्यांवर लोकांच्या रांगा लावत होतीस. चपलेचा पट्टा तुटलेला आणि ती चप्पल तुझ्या हातात. तुला हाक मारून आणखी कामाला लावावंसं वाटलं नाही.

तुझी चित्रं पाहिली. शिरल्याबरोबर डाव्या हाताला, तू म्हणाली होतीस तशीच. बराच वेळ त्यांच्यासमोर उभा होतो. फार सुंदर आहेत ताई. रेषेत सहजता आहे. मनापासून सांगतो, पुढे चालू ठेव. निवृत्तीनंतर वेळही छान जाईल.

परतीची बस लवकरची होती, म्हणून न भेटता गेलो. रागावू नकोस. आईला सांग, पुढच्या खेपेला राहायलाच येतो. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा ठोंब्या

&nbsp;

गुरुवार, ता. १६ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. रात्री उत्तर लिहिलं ते फाडलं. हे सकाळचं आहे, जरा थंड डोक्याने.

आमच्या दालनाचं दार तुला आठवत असेल. दोन फळ्यांचं, आत उघडणारं, माणसाच्या दीडपट उंच. सात वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तिथे रेटारेटी झाली आणि एक म्हातारे गृहस्थ पडले. तेव्हा मी नियम केला, की कार्यक्रम असेल तेव्हा दोन्ही फळ्या पूर्ण उघडून भिंतीला कडीने अडकवायच्या आणि काही झालं तरी लोटायच्या नाहीत. दारावर पाटी आहे, खाली माझी सही आहे.

भिंतींची मापं घेते तेव्हा हॉल रिकामा असतो, दार लावलेलं असतं. मी ऑफिसकडच्या लहान दाराने ये-जा करते. शुक्रवारी सगळे गेल्यावर मी माझी चित्रं लावली, तेव्हाही दार लावलेलंच होतं. कोणी बघू नये म्हणून मीच आतून कडी घातली होती. शनिवारी सकाळी शिपाईमामांनी दार उघडलं आणि नियमाप्रमाणे डावी फळी डाव्या भिंतीला अडकवली. माझी नऊच्या नऊ चित्रं तिच्यामागे गेली. पाहुणे फीत कापत होते आणि मी हातात कात्रीचं तबक धरून ते बघत होते.

दुसरीकडे तसूभर जागा नव्हती. दार लोटून घ्या म्हणायला तोंड नव्हतं. तीन दिवस ती चित्रं एकाही माणसाने पाहिली नाहीत. अडतीस वर्षांत त्या भिंतीवर मी कोणाचंही चित्र लावलेलं नाही. दुसऱ्या कोणाला ती दिली असती तर दहा वेळा तपासली असती. स्वतःसाठी एकदाही तपासली नाही. माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा ठोंब्या, तू कशासमोर बराच वेळ उभा होतास? सागवानी फळीसमोर?

लोकांनी पाहिली नाहीत याचं मला तितकं वाटलं नाही. दमले होते, वाटायला जागाच नव्हती. पण तू न बघता सुंदर म्हणालास, ते लागलं. वेळ छान जाईल म्हणालास, ते त्याहून लागलं. वेळ घालवायला मी विणकाम केलं असतं.

चित्रं अजून तिथेच आहेत, उतरवायचं त्राण नाही. मंगळवारी सभागृह बंद असतं, दार लावलेलं असतं. यायचं तर ये. नसेल यायचं तर तसं लिही. आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

ताई

&nbsp;

बुधवार, ता. २२ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल आईसमोर काहीच बोलता आलं नाही. तू चहा ओतत होतीस, आई गुडघा दाखवत होती आणि मी बिस्किटं खात होतो. म्हणून आता लिहितो.

रविवारी मी खरंच आलो होतो. समोरच्या बसथांब्यावर तासभर बसलो. तू चप्पल हातात घेऊन पायऱ्यांवर होतीस ते तिथूनच पाहिलं. आत आलो नाही. कामाचं कारण नव्हतं, बसचंही नव्हतं. मला भीती वाटली. चित्रं वाईट निघाली तर तुला ते सांगावं लागणार होतं. पण तेवढ्याची भीती नव्हती. ती चांगली निघाली तर काय, याची होती. तुझ्या प्रवेशाचं पत्र मला पक्कं आठवतं. बाबांच्या उशाशी ते महिनाभर पडून होतं. पुढे मी त्या शाळेत शिकलो आणि तीस वर्षं मुलांना झाडं आणि डोंगर काढायला शिकवतो आहे. स्वतःचं चित्र काढून बारा वर्षं झाली. हे तुला माहीत नव्हतं. माझ्या बायकोलाही माहीत नाही.

काल शिपाईमामांनी मला आत सोडलं आणि ते बाहेर विडी ओढत बसले. दार लावलेलं होतं. मी सव्वा तास होतो. आता खरं सांगतो.

दोन चित्रं वाईट आहेत. बासरीवाला आणि गाणाऱ्या मुली. गोड काढायच्या नादात बिघडली आहेत. तू हात काढायला घाबरतेस. नऊपैकी सात चित्रांत माणसांचे हात खिशात, नाहीतर पर्समागे लपवले आहेस. रिकाम्या खुर्च्यांचं चित्र त्यातल्या त्यात मोठं आहे, मेहनतही दिसते, पण त्यात जमीन चुकली आहे. खुर्च्यांच्या रांगा उजवीकडे घसरतात. ते पुन्हा काढ.

आणि तिसऱ्या रांगेत आई बसल्या बसल्या झोपली आहे, त्या चित्रासमोरून मला हलता येईना. तसं चित्र मला शाळेत असताना काढता आलं नाही आणि नंतरही आलं नाही. ती जागा तुझी होती ताई. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. निदान गेल्या तीस वर्षांत कधीतरी. पेन्सिल ठेवून देऊ नकोस.

खोटं लिहिलं त्याची क्षमा मागतो. लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आज मला नाही, तरी म्हणतो.

तुझा ठोंब्या

&nbsp;

रविवार, ता. २ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला दोन दिवस इतका राग आला, की आईने कपाळाला हात लावून ताप बघितला. चप्पल दुरुस्त करून आले तोवर राग जरा उतरला.

बासरीवाला आणि मुली फाडून टाकल्या. तू म्हणालास ते खरं होतं, मलाही ते आतून माहीत होतं. हातांचंही खरं. गेला आठवडाभर रोज हात काढते आहे. आई गोळ्या निवडत असते तेव्हा तिचे काढते. परवा तिने वही ओढून घेतली आणि हे कोणाचे म्हाताऱ्या बाईचे हात म्हणून विचारलं. तिचेच म्हटल्यावर रुसून बसली. संध्याकाळी आपण होऊन समोर येऊन बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

पण खुर्च्या मी बदलणार नाही. तू चित्रशाळेत शिकलास, मी ती जमीन अडतीस वर्षं पुसून घेतली आहे. रंगमंचाच्या उजव्या अंगाला ती खचली आहे, फरशी धुतली की पाणी तिकडेच जातं. खुर्च्या तशाच घसरतात. माझी रेघ बरोबर आहे.

जागा कोणाची होती, ते राहू दे. बाबांचं दुखणं काही तू आणलं नव्हतंस. मला तेव्हा रागवायला वेळ मिळाला नाही, तो आता मिळाला, बस. बारा वर्षांचं मात्र मला आधी सांगायला हवं होतंस रे.

आता ऐक. मंगळवारी तुझी शाळा अर्धीच असते. दीडची बस पकडलीस की साडेतीनला इथे पोचशील, परतीची आठला आहे. मी थांब्यावर जाऊन विचारून आले. या महिन्यापासून दर मंगळवारी तू आईजवळ बसायचंस. मी आतल्या खोलीत दार लावून चित्र काढणार, आणि जाताना तुला दाखवणार. येताना तुझीही वही आण, आई एका जागी छान बसते. हे मी तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

पट्टा तुटलेली चप्पल हातात घेऊनही जिने तुझी वाट पाहिली, तिच्यावर थोडी माया असू दे.

तुझी ताई