सातवी पँट

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरने आज मला पायाचं चित्र काढून दाखवलं. मला! तीस वर्षं मी शाळेत सांगाड्यावर पट्टी टेकवून शिकवलं – मांडीचं हाड, नडगी, तिच्या बाजूचं ते बारीक हाड, घोटा, सव्वीस हाडांचं पाऊल. आणि हे कालचं पोर विचारतंय, "आजी, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय, फक्त तुमचं बारीक हाड आतल्या बाजूला आलंय, ते बाहेर असतं. हे तपासायच्या टेबलावर पडल्या पडल्या हसले.

मग त्याने गुडघ्याखाली एक आडवी रेघ मारली. यांचा उजवा पाय. पुढच्या मंगळवारी.

त्या रेघेत मला चूक काढता आली नाही.

४ फेब्रुवारी

सगळं एका सुईपायी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी यांची पायमशीन खिडकीशी आहेच. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उशांचे अभ्रे शिवत बसतात. डिसेंबरात एक सुई तळव्यात घुसली आणि हा माणूस दोन दिवस तिच्यावर चालला! मी मोजा काढला तेव्हा दिसली. तोवर आत चिघळलेलं. "लागलं नाही का हो?" तर म्हणे, नाही.

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला सुई लागत नाही, म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. यांना मधुमेह म्हणून मी चहातली साखर तेवढी मोजत बसले. पायांकडे कोण बघतं?

६ फेब्रुवारी

रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तो तेच म्हणाला. तिसऱ्याकडे दोन तास बाकावर बसले. त्याने तर मान वर न करताच सांगितलं. एका माणसाचा पाय जायचाय, निदान मान तरी वर करा!

लेकीचा फोन – आई, सगळ्यांशी भांडत सुटू नकोस. भांडू नको तर काय करू? हे तर तोंडातून अक्षर काढत नाहीत. शेवटी विचारलं, तुम्हाला स्वतःला काही वाटतं की नाही? म्हणाले, "मास्तरीणबाई, कापड कुजलं की कापावंच लागतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलात न्यायचे कपडे काढायला यांचं कपाट उघडलं. सात पँटी. सगळ्यांचा उजवा पाय वर दुमडलेला, गुडघ्याखाली वीतभर ठेवून बंद शिवलेला. यांचे ते मुंग्यांच्या रांगेसारखे टाके. मी त्या बाकावर पाय सुजवत बसले होते तेव्हा हे घरात बसून हे करत होते!

मी भयंकर भडकले. मला विचारायचं नाही? अजून पाय आहे ना अंगाला?

मग सातवी हातात आली. राखाडी, लेकीच्या लग्नातली. तिचे दोन्ही पाय दुमडून शिवलेले! मला हसूच फुटलं. इतक्या दिवसांनी. म्हटलं, उलटी करून शिवलीत वाटतं, डाव्या-उजव्याचा घोळ केलात, म्हातारे झालात आता. यांनी पँट माझ्या हातातून घेतली, घडी नीट केली. म्हणाले, "झाला असेल."

जन्मात पहिल्यांदा शिवणातली चूक कबूल केली. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

साडेतीन तास. बाहेर बसून राखाडी पँटचा डावा पाय उसवला. खालची मूळ दुमडही यांनी सोडवून ठेवली होती, ती पुन्हा घातली. आमची मिशनच्या शाळेतली शिवणाची सिस्टर आठवली. आम्हाला रांगेत गुडघ्यांवर बसवायची, स्कर्ट जमिनीला टेकला पाहिजे. मुलींचे पाय दिसता कामा नयेत. माझं शिवण उचलून साऱ्या वर्गाला दाखवायची – हे टाके आहेत की कोंबडीचे पाय?

आजही तसेच आले. तरी एक पाय पूर्ण लांब केला. यांना तो लागणार आहे.

१२ फेब्रुवारी

शुद्धीवर आले. म्हणाले, उजवा अंगठा खाजतोय. मी चादरीवरून खाजवला.

२१ फेब्रुवारी

घरी आलो. हॉस्पिटलातून निघताना राखाडी पँट घालायला लावली. खुर्चीत बसल्यावर यांनी डाव्या पायाची शिलाई अंगठ्याने चाचपली. कितीतरी वेळ. मग म्हणाले, "उगाच मेहनत घेतलीस."

कौतुक गेलं खड्ड्यात, निदान नावं तरी ठेवू नयेत! दिवसभर मी बोलले नाही.

३ मार्च, सोमवार

पट्टी बदलायला गेलो. त्या डॉक्टर पोराने डावा मोजाही काढायला लावला. करंगळी काळी पडली आहे. त्याने टाचणी टोचली, तळव्यात, टाचेत, घोट्याजवळ. हे खिडकीबाहेर बघत राहिले. केव्हापासून, त्याने विचारलं. म्हणाले, उजव्याबरोबरच, घरी सुईने टोचून पाहिलं होतं.

मग माझ्याकडे वळले. "तू एकाच पायासाठी किती भांडत होतीस गं."

घरी येऊन राखाडी पँट पलंगावर पसरली. डाव्या पायावर, गुडघ्याखाली वीतभर, यांच्या घडीची रेघ अजून तशीच आहे.