दंडाचं माप

४ जून

सौ. हिला अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहितो, फाडतो, पुन्हा लिहितो.

चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेलीस, त्याला महिना झाला. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, छातीतला कॅन्सर गेला असं डॉक्टर म्हणाले, तरी माझा जीव टांगणीला असतो. सूज आली तर लवकर कळावी म्हणून नर्सबाईंनी दंडाचं माप घ्यायला सांगितलं होतं. इथे मी रोज सकाळी घ्यायचो. तिथे कोण घेतं? शेवटचं साडेदहा इंच होतं. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी लपवू नकोस.

दुकानात लक्ष लागत नाही. काल वकिलांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझाच

११ जून

साष्टांग नमस्कार.

तुमच्या बाह्यांचं वाचून धाकटी बहीण हसून बेजार झाली. वकिलांनी फिर्याद केली नाही हे नशीब.

मी माहेरपणाला आले नाही, तुमच्या चेहऱ्याला घाबरून आले. नर्सबाईंनी महिन्यातून एकदा सांगितलं होतं, तुम्ही रोज टेप घेऊन हजर. मी आकडा कधी बघितला नाही, तुमचं तोंड बघायचे. भुवई जरा हलली की माझा दिवस गेला. साधा खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून खोकायचे.

आता खरं सांगते. आठ दिवस झाले, दंड जड वाटतो. काख चाचपायची हिंमत होत नाही. वीस तारखेला डॉक्टरांनी बोलावलंय. धाकटी सोबत आहे. तुम्ही येऊ नका.

जेवण वेळेवर घ्या. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमचीच

१४ जून

सौ. हिला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दुकान बंद केलं. महिन्यातून एकदाच सांगितलं होतं, ते माझ्या चांगलं लक्षात होतं. पण ऑपरेशनपासून तू दार लावून कपडे बदलतेस, भिंतीकडे तोंड करून झोपतेस. मापाच्या निमित्ताने तेवढा एक हात माझ्या हातात द्यायचीस. म्हणून रोज घेत राहिलो. भीतीही होतीच, खोटं कशाला बोलू.

मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसेन. आत येणार नाही. तू आपणहून सांगेपर्यंत काही विचारणार नाही.

एकोणीसच्या सकाळची गाडी आहे. येऊ की नको, एका ओळीत कळव, पण लवकर कळव.

तुझाच