खाल्लेलं जातं कुठे

माय,

तुझ्या स्वादुपिंडात गाठ आहे हे कळायच्या आधीच तू वाळत चालली होतीस. धुळ्याच्या अंगणवाडीत तू लेकरांची वजनं करायचीस. एकदा सहज स्वतःच काट्यावर उभी राहिलीस आणि हसत म्हणालीस, "काटा बिघडी गया वाटस." काटा चांगला होता. पुढे दवाखाना झाला, निदान झालं, तरी तू नेटानं जेवत राहिलीस. अजून दिसतं मला, स्वयंपाकघरात पाटावर बसून तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करते आहेस, बांगडी कोपरापर्यंत घसरली आहे, आणि खाल्लेलं जातं कुठे म्हणून मला विचारतेस, "बठ्ठं खास मी, मंग ते जास कथा?" मी नुकतीच एमएस्सी झालेली. मला रडू येतं. तू रागावतेस, "रडस काय? तू शिकेल शेस ना? मंग शोधी काढ."

तू गेल्यावर मी जळगावच्या प्रयोगशाळेत लागले. माणसाच्या शरीरातलं एक जनुक हाती घेतलं, ज्याला धड नावही नाही, नुसता क्रमांक आहे. सर म्हणाले, "यावर कुणीच काम करत नाही. अडकून पडशील." मी म्हटलं, "सर, गाठीच्या पेशींत ते फार जागं दिसतंय. अंगातली चरबी जाळायचा निरोप तिथूनच जात असेल तर?" ते म्हणाले, "कर." वर्षं गेली. बरेच प्रयोग फसले. दुपारी डबा उघडला की तुझी आठवण यायची.

गेल्या आठवड्यात निकाल आला. काही उंदरांत रुजवलेल्या माणसाच्या गाठींत आम्ही ते जनुक बंद केलं होतं. गाठी थांबल्या नाहीत, पण त्या उंदरांचं अंग बाकीच्यांसारखं झडलं नाही. खाल्लेलं त्यांच्या अंगाला लागत होतं. माणसात काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही. सरांनी पुन्हा वजनं करायला लावली. आकडे तेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी जिलेबी आणली.

हे कुठल्या पत्त्यावर धाडू? तरी तुला एक सांगते, प्रयोगशाळेत कुणाला बोलले नाही. त्यांतला एक गुबगुबीत उंदीर हातात घेतला ना, तेव्हा आनंद नंतर झाला. आधी मला त्याचा हेवा वाटला.