लॉगिनपूर्व अभ्यास

२ मार्च
रोजनिशी लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. कोणाची, ते सांगता येत नाही. कारण ही वाचणार कोणीच नाही. तरीही शाळेतील पहिल्या क्रमांकांखेरीज जिच्या आयुष्यात काही घडलेले नाही, तिने स्वतःविषयी लिहावे हा आगाऊपणाच.
परंतु आज घडले. रुग्णालयातील सिस्टरांच्या ड्यूट्या लावण्याचे आमच्या विभागाचे काम नव्या सॉफ्टवेअरवर जाणार. आजवर मोठ्या बाई तो तक्ता पेन्सिलीने आखीत. त्या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. एप्रिलचा तक्ता सॉफ्टवेअरवर जो लावून दाखवील, त्याला बाईंची खुर्ची, असे साहेबांनी जाहीर केले. उमेदवार दोन: मी आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला मी मनात खटपट्या म्हणते. आपण एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नाही, हे खटपट्या स्वतःच सांगतो. म्हणजे प्रश्न मिटल्यातच जमा.

३ मार्च
लॉगिन व पासवर्ड मिळाला. पासवर्ड पाठ केला. मॅन्युअल छापून घेऊन त्याला तपकिरी कव्हर घातले. संकल्प: प्रथम संपूर्ण वाचन, नंतर टिपणे, नंतर उजळणी, आणि मगच संगणकाला हात.

५ मार्च
खटपट्याने सरावाच्या तक्त्यात एकाच सिस्टरला एकाच वेळी दोन वॉर्डांत उभे केले. ती खाली येऊन म्हणाली, मी काय जुळी आहे का रे? हा निर्लज्जपणे हसला. म्हणे, बरं झालं, लाल खूण कशाला येते ते कळलं. लाल खूण प्रकरण सहामध्ये आहे. मी प्रकरण दोनमध्ये आहे. तरी पाया माझाच पक्का.

९ मार्च
जेवताना वहिनीने विचारले, काय गं, सुरू केलंस का ते? अभ्यास सुरू आहे, असे मी सांगितले. ती म्हणाली, अभ्यास नाही, ते सुरू केलंस का? वहिनीने माहितीपुस्तिका न उघडता वॉशिंग मशीन लावले होते आणि दादाचे सगळे शर्ट गुलाबी झाले होते, याची मी नम्रपणे आठवण करून दिली. त्यावर ती म्हणाली, झाले ना एकदा, पुन्हा झाले का? अशा युक्तिवादाला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

१२ मार्च
विजयाचा दिवस. रजेची अदलाबदल कशी करायची, असे मेट्रन विचारीत आल्या. मी मान वर न करता सांगितले: प्रकरण पाच, दुसरा परिच्छेद. शब्दशः म्हणूनही दाखवला. साहेब दारातच उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे मला सर्व सिस्टरांची प्रशिक्षक नेमले. २४ तारखेला, सभागृहात, मोठ्या पडद्यावर.
मी नाही म्हणणार होते. परंतु साहेब बोलत असताना मध्ये कसे बोलावे? आणि त्यांचे बोलणे संपले तेव्हा ते निघून गेलेले होते.

१५ मार्च
कॉरिडॉरमधून जाणे अशक्य. प्रत्येक वॉर्डाच्या दारात एक सिस्टर, प्रत्येकीचा एक प्रश्न. मागच्या जिन्याने गेले, तर तिथे दोघी बसलेल्या. आता डबा सामानाच्या खोलीत खाते, रचलेल्या खुर्च्यांच्या मागे. घरीही तेच. वहिनीने इमारतभर सांगितले आहे की आमची नणंदबाई सॉफ्टवेअर शिकवते. शेजारच्या काकू मोबाईल घेऊन आल्या. याचे मॅन्युअल आहे का, असे मी विचारले. काकूंनी माझ्याकडे पाहिले नाही, वहिनीकडे पाहिले.

१८ मार्च
आज लॉगिन करणारच होते. पण प्रकरण नऊ राहिले आहे: ‘वापरकर्त्यांच्या नेहमीच्या चुका’. त्या ठाऊक नसताना बसणे बेजबाबदारपणाचे. वाचून झाल्यावर वाटले, इतक्या चुका संभवत असतील तर आणखी एक उजळणी हवी. खटपट्या म्हणाला, मॅडम, या इकडे, दोन बटणं दाबून बघा, स्फोट वगैरे होत नाही. मत्सर लपवण्याची ही एक रीत असते.

२३ मार्च
उजळणी पूर्ण. आता मला न येणारे असे त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही नाही. हात गार पडले आहेत, ते हवामानामुळे.

२४ मार्च
सभागृह भरलेले. पूर्वार्ध उत्कृष्ट झाला. मी मॅन्युअल मुखोद्गत सांगत होते, सिस्टर लिहून घेत होत्या. मग मेट्रन म्हणाल्या, छान गं, आता करून दाखव.
पासवर्ड न अडखळता टाइप केला. मागे भिंतभर अक्षरे उमटली: दिलेल्या मुदतीत वापर न झाल्याने हे खाते बंद करण्यात आले आहे. शेवटचे लॉगिन: कधीही नाही.
कोणी हसले नाही. हसल्या असत्या तर बरे झाले असते. मागच्या रांगेतून एकीने विचारले, हे पण लिहून घ्यायचं का?
खटपट्या उठला, आपल्या लॉगिनने आत गेला, दोनदा चुकला, मागे आला, पुन्हा गेला. सगळ्या त्याच्याभोवती जमल्या. दाराशी जायला वाट उरली नव्हती, म्हणून मी तिथेच उभी राहिले.
मुदतीची अट प्रकरण एकमध्येच आहे. मी ती लाल शाईने अधोरेखित केली होती.

३१ मार्च
एप्रिलचा तक्ता खटपट्याचा लागला. खुर्चीही त्याचीच. निरोप घेताना मोठ्या बाई माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, मीही तुझ्यासारखीच होते गं, फक्त माझ्या वेळी वाचायला काही नव्हतं, म्हणून करावं लागलं.
उद्यापासून मी तक्त्यातील बदल भरायचे. त्यासाठी खाते हवे. खाते उघडण्याची विनंती प्रशासकाकडे जाते, आणि आजपासून प्रशासक खटपट्या आहे. तो हातभर अंतरावर बसला आहे. तोंडी सांगितले, तर ओशाळून म्हणाला, मॅडम, मी लगेच केलं असतं हो, पण विनंती तुमच्याकडूनच यावी लागते.
विनंतीच्या अर्जात ‘आधीचे खाते न वापरण्याचे कारण’ हा रकाना रिकामा चालत नाही. ‘प्रत्यक्ष वापरापूर्वी मॅन्युअलचा सखोल अभ्यास आवश्यक वाटल्याने’ असे लिहिले, मावेना. ‘अभ्यास सुरू होता’ मावले. ते बराच वेळ पाहिले आणि पुसले.
‘भीती वाटली’ असे लिहिले.
पाठवले: ३१ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.