नमुना मशीन

सोमवार, ४ तारीख

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. तिन्ही एकाच दिवशी सुरू झाल्यामुळे स्वारी खुशीत आहे. बायकोच्या मते माझा उत्साह आठवडाभर टिकतो आणि वही त्याहून कमी. बघूच.

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. तीन मजली इमारत, रुंद जिना, भिंतींना नुकताच दिलेला रंग. तळमजल्याच्या टोकाला माझी खोली. दोन टेबलं, वायरींचं भेंडोळं आणि एक खिडकी, तिच्यातून पाण्याच्या टाकीचे नुसते पाय दिसतात. विभागप्रमुखांना सगळे 'बाई' म्हणतात. बोलायला गोड, पण नजर अशी की आपण शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलंय की काय असं वाटावं.

काम त्यांनीच समजावलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बदलायचे आहेत. एकेकावर सगळं भरत बसलो तर इथेच म्हातारा होईन. म्हणून एकच मशीन नीट तयार करायचं. त्याला इथे 'नमुना' म्हणतात. मग त्याच्या आत जे जे आहे त्याची हुबेहूब प्रतिमा काढायची आणि ती बाकी सगळ्यांवर उतरवायची. बाईंनी एकच गोष्ट बजावली. नमुना परक्यासारखा वापरायचा नाही. आपल्या हाताला जशी सवय असेल तसा लावून घ्यायचा, म्हणजे लोकांना तयार, राबतं मशीन मिळतं.

असं काम मला फुकट दिलं असतं तरी केलं असतं. (हे बाईंना सांगायला नको.)

बुधवार, ६

नमुना छान आकाराला येतोय. अक्षरं जरा मोठी, कारण माझे डोळे. आवाज बंद, कारण माझं डोकं. पडद्यावर ठकीचा फोटो लावला. ठकी म्हणजे माझी लेक. खरं नाव वेगळं, पण घरात ठकीच. पाच वर्षांची, पुढचा दात पडलेला, डाव्या कानामागे तीळ. फोटोत झोपाळ्यावर बसून कॅमेऱ्याला जीभ दाखवते आहे. तिच्याकडे बघत काम केलं की दिवस कसा जातो कळत नाही.

इथली माणसं जरा गमतीदार आहेत. जुन्या कॉम्प्युटरांवर सगळीकडे एकाच तपकिरी कुत्र्याचा फोटो आहे. कोणाचा कुत्रा, म्हणून हिशेबनिसांना विचारलं. ते पन्नाशीचे, सडेफटिंग, टापटिपीचे. म्हणाले, माझाच, फार गुणी होता. भांडारातल्या मावशींना विचारलं, तर त्याही म्हणाल्या की माझाच, गेला बिचारा, आणि चक्क डोळे पुसले. नव्या माणसाची फिरकी घेतात, दुसरं काय! माझ्याआधी हे काम कोण करायचं ते मात्र कोणालाच आठवेना.

शुक्रवार, ८

आज नमुन्याची ओळख पुसली. प्रतिमा काढण्याआधी हे करावंच लागतं. मशीनचं नाव, त्याचा क्रमांक, ते कोणाचं आहे, सगळं काढून टाकायचं. नाहीतर प्रत्येक नक्कल म्हणेल की मीच तो, आणि सावळागोंधळ. ओळख पुसली की मशीन बंद होतं. त्यानंतर प्रतिमा निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चुकून सुरू केलं तर ते कोरं उठतं, आणि सगळ्यात आधी नाव विचारतं.

चाचणी म्हणून प्रतिमा दोघांना दिली, हिशेबनिसांना आणि मावशींना. जमलं तर १८ तारखेच्या सोमवारी सगळ्यांना.

सोमवार, ११

फजिती! ठकीचा फोटो काढायचाच विसरलो. प्रतिमेबरोबर तोही गेला. हिशेबनिसांच्या पडद्यावर ठकी, मावशींच्या पडद्यावर ठकी, दोन्हीकडे जीभ बाहेर. माफी मागून फोटो काढायला गेलो, तर हिशेबनिसांनी माझा हात धरला. राहू द्या, म्हणाले, बरं वाटतं. मावशीही नको म्हणाल्या. घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली. लेक ऑफिसात माझ्याआधी बढती मिळवणार, म्हणे.

बुधवार, १३

मावशींनी आज केसांच्या पिना आणल्या. लाल, टिकल्यांच्या. ठकीसाठी, म्हणाल्या.

मी इथे कोणाला हे नाव सांगितलेलं नाही. एकदाही नाही. फोटोवर ते लिहिलेलंही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते शोधणार कसं! माझी वही कोणीतरी वाचतंय, असा मला दाट संशय आहे. आजपासून ती शर्टाच्या आत ठेवणार.

हिशेबनीस विचार करताना टेबलावर दोन बोटं आपटतात आणि मग अंगठा. ही सवय माझी आहे. वडिलांकडून आलेली. ती वहीत आज पहिल्यांदाच लिहितोय.

गुरुवार, १४

हिशेबनीस चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत होते की लेकीचा दात पडला तेव्हा तिने तो कुंडीत पेरला. रोज पाणी घालते, दाताचं झाड येईल म्हणून.

खरं आहे. ठकीने पेरलाय. आमच्या गॅलरीतल्या कुंडीत. पण माणूस सडा आहे हो! लोक माना डोलावत ऐकत होते. मी ओरडलो, ती माझी मुलगी आहे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच लाज वाटली. मावशींनी समजुतीने पाठीवर हात ठेवला. होतं असं, म्हणाल्या, नवीन जागा आहे.

मला त्या कुत्र्याची आठवण झाली. तो कोणाचा होता? ज्याचा होता, तो कुठे गेला?

शुक्रवार, १५

बाईंना सरळ विचारलं. आधीचा नमुना कोणी केला, तो माणूस कुठे आहे? त्या जरा गोंधळल्या, मग हसल्या. प्रतिमा सगळ्यांवर उतरली की नमुना ठेवत नाहीत, पुसून टाकतात. मी माणसाबद्दल विचारत होतो. त्या मशीनबद्दल बोलत होत्या. बहुतेक.

दुपारी घरी फोन केला. बायको वैतागली. आत्ताच तर जेवून गेलात, म्हणाली, आता काय राहिलं?

मी आज ऑफिसातून हललोच नव्हतो.

शनिवार, १६

दिवसभर दार लावून घरी. बायकोला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. मग बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, ओळखीचं कोणीतरी रस्त्यात भेटावं आणि नाव आठवू नये, तशी.

मी फार घाबरलोय. नोकरी गेली तरी चालेल. ह्या दोघी जायला नकोत.

रविवार, १७

दूध आणायला गेलो. परत आलो तर अंगणात हिशेबनीस. ठकीला झोका देत होते. केसांत लाल पिना. मी धावत जाऊन तिला उचललं तर ती रडायला लागली. मला म्हणाली, काका, मला खाली ठेवा.

काका.

बायको दारात आली. माझ्याशी फार नीट बोलली. परक्याशी बोलतात तितकं नीट. साहेबांचं ऑफिसात काही काम होतं का, म्हणून विचारलं. साहेब म्हणजे तो. तो माझे कपडे घालून उभा होता. दोन बोटं कठड्यावर, मग अंगठा —

रात्र स्टेशनच्या बाकावर काढली.

सोमवार, १८

फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. माझं ऑफिसचं कार्ड चालत नाही. मागच्या भिंतीवरून आलो. खोलीला आतून कडी घातलीय.

बाईंनी सकाळीच नमुन्याची ओळख पुन्हा पुसलीय. बंद आहे तो. दुपारी प्रतिमा काढणार आणि मग सगळ्या मजल्यांवर — इतक्या लोकांची ठकी —

एकच उपाय. त्याला आधीच सुरू करायचं. फोटो काढायचा, माझं सगळं काढून घ्यायचं. प्रतिमाच निघाली नाही तर —

जिन्यावर पावलं. बाई हाक मारतात. नावाने नाही. 'अहो, आत कोण आहे' एवढंच.

बटण दाबलं.

विसरायच्या आत लिहितो. लेक आहे मला. पाच वर्षांची. दात पेरला होता. कानामागे तीळ, उजव्या — डाव्या? फोटोत जीभ दाखवते. तिला आम्ही घरी — घरी तिला —

उठला. कोरा. पडदा पांढरा.

नाव विचारतोय. नाव टाकलं की तो माझा होईल, मग कोणाचा नाही. सोपं आहे. टाकतो. दार वाजतंय, वाजू दे. टाकतो ना, एवढं तर कुठल्याही माणसाला — माझं नाव —