उसवू नये म्हणून

ता. ६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ठमीच्या नोकरीच्या गावी थंडी फार, तेव्हा आईनं नाही तर निदान मावशीनं तरी पोरीच्या पांघरुणाचं बघावं, हे तुझं टोमणेवजा म्हणणं मान्य. गोधडीचं वरचं कापड जोडून झालंय. शाळेचे गणवेश कापताना उरलेले निळे-राखाडी तुकडे वापरलेत.

आता कच्चे टाके घालतेय. तुला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सांगते. अस्तर खाली, मधे कापूस, जोडकाम वर, आणि हे थर एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून लांब लांब टाके. पक्की शिलाई झाली की ते ओढून काढायचे. सगळं जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत, मधून कडेकडे जायचं. पण माझं अस्तर एका कोपऱ्यात सुरकुततंय. परत उसवायला घेतलंय.

हृदयाच्या डॉक्टरांनी झडपेच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, ती मी पुढं ढकलली. हातातलं काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. कच्चे टाके झाले की येते, असं त्यांना सांगितलंय. तुझी वहिनी त्यावरून तोंड फुगवून बसलीय. तू त्यात भर घालू नकोस.

तुझा लोभ आहेच, तो टिकव म्हणजे झालं.
ताई


ता. ११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोधडीवर दीड पान आणि स्वतःच्या हृदयावर चार ओळी! अर्ध्या जिन्यात तुला बसावं लागतं, हे मला दादाच्या पत्रातून कळलं. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तू जमिनीवर रांगतेस, हेही त्यानंच कळवलं. तू मात्र सुरकुतीचं कौतुक सांगत बसलीस.

ठमी म्हणते, मावशीला सांग, मला ती अंगावर घ्यायचीय, प्रदर्शनात मांडायची नाही. सुरकुती असू दे तिथंच. मी उठून आलेच असते, पण छापखान्यात पाठ्यपुस्तकांची घाई आहे आणि मॅनेजर सुटीचं नाव काढू देत नाहीत. मला इथं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना चुका व्हायला लागल्यात.

उत्तरात नवीन तारीख हवी. रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी


ता. १६ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ताईंना न सांगता लिहितेय. उत्तर ह्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवा.

ऑपरेशनला आता २८ तारीख मिळालीय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय दमत चाललंय, ही तारीख चुकली तर पुढं ताईंना ऑपरेशन झेपेल याची खात्री नाही. ताईंनाही त्यांनी हेच स्पष्ट सांगितलं. ताईंनी मान डोलावली आणि घरी येऊन चटई अंथरली.

काल दुपारी मी बाजारातून लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. गोधडी पालथी पसरलेली, अस्तर वर. वन्सं, त्यावर एकही सुरकुती नव्हती. अगदी इस्त्री केल्यासारखं बसलेलं होतं. आणि ताई कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवत होत्या. धाप लागली की भिंतीला टेकायच्या, परत उसवायच्या. मला पाहून म्हणाल्या, की बघ, ती मेली सुरकुती परत आली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ह्यांना सांगितलं, तर त्यांचं आपलं तेच, की ताईपुढं बोलायची माझी छाती नाही. तुम्हीच काही सुचवा. माझ्यावरचा जिव्हाळा कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी


ता. १९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ताईला समजावून काही होणार नाही. ती आपलीच समजूत घालून पाठवील. उसवता येतंय तोवर ती उसवत राहणार, तेव्हा उसवता येणार नाही असं काहीतरी करायला हवं.

या वेळचे टाके पुरे होत आले की दादाला सांगा, तिला तपासणीला घेऊन जा. ती बाहेर पडली की गोधडी मशीनखाली घाला आणि पक्की शिलाई मारून टाका. टाका अगदी बारीक ठेवा, शेजारी शेजारी, दाट. तुम्हाला सरळ रेघ शिवता येत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. वाकडी मारा. तिचं काम बिघडेल, ती आकाशपाताळ एक करील, पण ती करायला तरी राहील.

बोल लागला तर माझं नाव सांगा. मी सुटीसाठी मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागलेय. आपल्यातला ओलावा या कटानं वाढो.
तुमची धाकटी


ता. २४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

केलं. काल ह्यांनी ताईंना रक्त तपासायला नेलं आणि मी मशीनवर बसले. गोधडी काय जड हो! एका बाजूनं ओढावी तर दुसरीकडून घसरते. एक सुई मोडली, दुसरी लावली. कच्चे टाके असूनही अस्तर गोळा होत गेलं आणि कोपऱ्यात एक भलीमोठी चुणी शिवली गेली. नसलेली सुरकुती मी खरी करून ठेवली.

ताई आल्या, त्यांनी पाहिलं. कात्री घेऊन एक धागा उचकायला गेल्या, तर कापडच कापलं गेलं. मग गोधडी उचलून खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. रात्री जेवल्या नाहीत. आज दुपारी कडी काढून ताट आत घेतलं, ते ह्यांच्या हातून. माझ्याकडे पाहतही नाहीत. ओठ निळसर दिसताहेत. रागानं काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

तुमचं नाव मी सांगितलं नाही. केलं ते मीच. चार दिवसांवर तारीख आलीय आणि बॅग रिकामी पडलीय. जमेल तसं निघा. मनात जागा असू द्या.
तुमची वहिनी


ता. २७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

काल रुग्णालयात दाखल झाले. उद्या सकाळी पहिला नंबर माझा. तुझी तार आली, गाडी उद्या दुपारी पोचते म्हणे. तेव्हा मी बोलायच्या स्थितीत असेन की नाही कोण जाणे, म्हणून हे लिहून वहिनीजवळ ठेवतेय.

आधी भांडण. ही अक्कल तुझी, हे मी शिलाई पाहताक्षणी ओळखलं. तुझ्या वहिनीत इतकं धाडस असेल असं वाटलं नव्हतं. तुझं नाव तिनं अजून घेतलेलं नाही. इतकी भिकार शिलाई मी जन्मात पाहिली नाही.

गोधडी घेऊन खोलीत बसून राहिले. उसवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि शिवण्यासारखंही. हात रिकामे झाले आणि भीतीनं मला गाठलं. त्या टेबलावर झोपायची भीती, दुसरं काही नाही. सुरकुती कधी नव्हतीच गं.

परवा सकाळी कडी काढली, तर वहिनी दाराबाहेर जमिनीवर बसलेली. मी तिला म्हटलं, मला फार भीती वाटतेय. ती म्हणाली, मलाही वाटतेय, आणि तिनं भोकाड पसरलं. शेवटी मीच तिला पाणी आणून दिलं. मग दोघींनी मिळून बॅग भरली.

गोधडी इथं माझ्या पायांवर आहे. कच्चे टाके ओढून काढायचं वहिनीच्या डोक्यातच आलं नाही, ते तसेच आहेत. सिस्टरनी विचारलं, घरी शिवलीय का? मी म्हटलं, आमच्या भावजयीनं. हात सारखा त्या चुणीवर जातो. कोपरा तेवढा जाड झालाय, तिथं ऊब जास्त आहे. ठमीला सांग, तिला वापरलेली मिळेल.

मरणाचं काय एवढं, असं मी तुम्हा सगळ्यांना बेफिकिरीनं सांगत आले. ते खोटं होतं. मला जगायचं आहे, धाकटे. पुष्कळ जगायचं आहे. हे तोंडानं म्हणायची लाज वाटते, म्हणून लिहिलं.

आल्यावर आधी माझ्यावर रागाव, मग जवळ बस. लोभाचं काय ते तेव्हा बघू.
तुझी ताई